जुन्या जेट्टाची गार सीट, नवा रेडिओ आणि मधली एक वायर

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मिशिगनमध्ये राहता, गाडी २००३ची फोक्सवॅगन जेट्टा, हीटेड सीट्स आणि कारखान्यातूनच आलेली मॉन्सून म्युझिक सिस्टीम. ड्रायव्हरची सीट गेल्या हिवाळ्यापासून गरम होत नाही, शेजारची होते. तुम्ही सीटखाली हात घालून कनेक्टर काढून-लावून पाहिले, तेव्हापासून एअरबॅगचा दिवा लागलेला आहे. दरम्यान ऑनलाइन मागवलेला टचस्क्रीन रेडिओ स्वतः बसवला. तो रोज सकाळी स्टेशनं विसरतो, एफएम धड लागत नाही, इंजिनाबरोबर कुईं आवाज येतो. एअरबॅगचा कोड पुसायला मित्राचा स्कॅनर आणला तर तो गाडीशी बोलतच नाही. गॅरेजवाल्याने ‘पूर्ण सीट बदला’ म्हणून सांगितलं. आता तुम्ही विचारताय की हे घरी होईल का, आणि वर एक ॲम्प्लिफायर आणि सबवूफर टाकू का.

घरी होईल. पण तुम्ही ज्या क्रमाने विचारलंय त्या क्रमाने नाही. सीटचं दुखणं आणि रेडिओचं दुखणं तुम्ही दोन वेगळी समजताय. ती एका वायरवर येऊन भेटलेली आहेत, आणि ती वायर सध्या तुमच्या नव्या रेडिओने अडवून ठेवलेली असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून सुरुवात सीटपासून नको, रेडिओच्या मागून करू.

चौथ्या पिढीच्या गोल्फ-जेट्टामध्ये (तुमची २००३ची त्यातलीच) इंजिन, एबीएस, एअरबॅग, डॅशवरचा मीटर वगैरेंचे कंट्रोलर, म्हणजे छोटे संगणक, स्कॅनरशी ज्या वायरवरून बोलतात तिला के-लाईन म्हणतात. स्कॅनर लावायच्या (ओबीडी) सॉकेटमध्ये ती ७ नंबरच्या पिनवर येते. कंपनीचा मूळ रेडिओसुद्धा स्कॅनरवर वाचता यावा म्हणून हीच वायर त्याच्या मागच्या काळ्या कनेक्टरपर्यंत नेलेली आहे, ३ नंबरच्या खाचेत. बाजारातल्या रेडिओला ती वायर काय आहे हे माहीतच नसतं. त्याच्या मागे त्या जागी कधी काहीच नसतं, कधी ग्राउंड असतं, कधी भलतंच काही. ग्राउंड असलं की संपूर्ण लाईन शून्यावर खेचली जाते. पूर्वी चार घरांत मिळून एकच फोनची लाईन असायची आणि एकाने रिसिव्हर बाजूला काढून ठेवला की बाकी तिघांचा फोन बंद, तसा हा प्रकार. गाडी चालते, दिवे लागतात, फक्त स्कॅनरला कोणी उत्तर देत नाही. बरं, हे नुसतं गैरसोयीचं नाही. त्या पिनवर रेडिओकडून १२ व्होल्ट गेले तर कंट्रोलरच जायचा धोका असतो, आणि डॅशवरच्या मीटरचा कंट्रोलर बदलणं म्हणजे इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) जुळवण्यापर्यंतचं लचांड.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. रेडिओ बाहेर ओढा, मागचा काळा कनेक्टर काढून मोकळा ठेवा, चावी ऑन करा आणि स्कॅनर लावा. एअरबॅग कंट्रोलर बोलू लागला तर निदान झालं. मग कनेक्टरमधली ३ नंबरची पिन बाहेर काढून तिला उष्णतेने आकसणारी नळी चढवा आणि मागे बांधून ठेवा. वायर कापू नका. गाडी विकताना मूळ रेडिओ परत बसवायचा झाला तर ती लागेल. तुम्ही मधे ॲडॉप्टरची वायरिंग वापरली असेल तर आणखी सोपं, पिन ॲडॉप्टरमधली काढायची, गाडीच्या वायरिंगला हातही लावायचा नाही. एक लक्षात ठेवा, स्वस्तातला जो स्कॅनर फक्त चेक इंजिनचे कोड वाचतो तो एअरबॅगमध्ये शिरतच नाही. फोक्सवॅगनच्या सगळ्या कंट्रोलरपर्यंत जाणारा पाहिजे, व्हीसीडीएस किंवा त्याच तोडीचा.

भारतात ज्यांच्याकडे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आहे, औरंगाबादच्या कारखान्यात जुळवलेली, त्यांनी वरचे दोन परिच्छेद परत एकदा वाचावेत. तिचा सांगाडा आणि वायरिंगची जात हीच. पुण्या-मुंबईत तिला सीट हीटर कोण विचारणार, पण रेडिओ बदलल्यावर ‘ईसीयू (इंजिनचा कंट्रोलर) गेला’ म्हणून गॅरेजमध्ये आणलेल्या गाड्यांत ईसीयू ठणठणीत असतो आणि मागे पायोनियर नाहीतर कुठला तरी चिनी रेडिओ के-लाईनवर बसलेला असतो.

त्याच कनेक्टरवर असताना स्टेशनं विसरण्याचाही निकाल लावून टाका. सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय (आयएसओ) पद्धतीत ४ नंबरला कायमचा १२ व्होल्ट आणि ७ नंबरला चावीवरचा असतो. फोक्सवॅगनने हे उलटं ठेवलं, ७ नंबरला कायमचा आणि ४ नंबरला चावीवरचा. रेडिओची पिवळी वायर म्हणजे कायमचा पुरवठा, लाल म्हणजे चावीचा. सरळ जोडलं की पिवळी चावीवर जाते. चावी काढली की स्मरणशक्ती गुल. बऱ्याच रेडिओंच्या पिवळ्या-लाल वायरींवर मधे ओढून सुटणारे बुलेट जोड दिलेले असतात, ते याचसाठी. उलटे जोडा आणि विषय संपला.

हे नुसतं सोयीसाठी सांगत नाही. पिवळ्या वायरवरून रेडिओ सगळा करंट ओढतो, लालवरून फक्त ‘जागा हो’ असा इशारा घेतो. पिवळी चावीवर राहिली की तो सगळा करंट इग्निशन स्विचमार्गे येणाऱ्या बारीक वायरवरून जातो, आणि या गाड्यांचा इग्निशन स्विचचा इलेक्ट्रिकल भाग तसाही नाजूक, पुष्कळदा बदलावा लागणारा. या गाडीची एक गंमत म्हणजे ती चावीवरची वायर चावी फिरवल्यावर नाही, चावी भोकात असेपर्यंत जिवंत राहते. इंजिन बंद करूनही चावी काढेपर्यंत गाणी चालू राहिली तर तो बिघाड नाही, रचना आहे.

आणखी एक सापळा. जर्मन गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे ग्राउंड, लाल म्हणजे थेट बॅटरी आणि काळी बहुतेक वेळा चावीवरची गरम वायर. बाजारातल्या रेडिओची काळी वायर मात्र ग्राउंड असते. रंगाला रंग जोडत गेलात तर फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचं. रंग पाहा, पण विश्वास मल्टीमीटरवर ठेवा.

आता एअरबॅगचा दिवा. तुमच्या गाडीच्या पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला, साइड एअरबॅग आहे. तिचा पिवळा कनेक्टर सीटखालीच असतो. चावी ऑन असताना तो क्षणभर जरी निघाला तरी कंट्रोलर कोड लिहून ठेवतो आणि परत लावल्यावर आपणहून पुसत नाही. स्कॅनरवर बहुधा ०१२१७ दिसेल, म्हणजे ड्रायव्हर बाजूच्या साइड एअरबॅगच्या इग्नायटरचा (ती पेटवणाऱ्या भागाचा) रेझिस्टन्स. प्रवाशाच्या बाजूचा कोड ०१२१८. पुसून बघा. पुसल्यावर परत आला नाही तर तुम्ही कनेक्टर काढला तेवढंच निमित्त होतं. दोन-चार दिवसांनी, सीट मागे-पुढे सरकवल्यावर परत आला तर पिवळ्या कनेक्टरच्या पिनांवर गंज किंवा ढिलेपणा आहे. कनेक्टर स्वच्छ करा, वायर ताणली जात नाही ना पाहा. इंटरनेटवर कोणी ‘तिथे रेझिस्टर टाका, दिवा जातो’ असं सांगेल. दिवा जातो, आणि बाजूने धडक बसली की एअरबॅगही येत नाही.

पिवळ्या कनेक्टरबद्दल नियम दोनच आणि दोन्ही न मोडण्याचे. सीटखाली काहीही काढण्याआधी बॅटरीची मायनस काढून निदान दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. आणि त्या पिवळ्या कनेक्टरच्या एअरबॅगकडच्या बाजूला मल्टीमीटर कधीही लावायचा नाही, ओहमवर तर नाहीच. मीटर ओहम मोजताना स्वतःचा करंट सोडतो, आणि तिथे पलीकडे स्फोटक आहे.

(मूळ रेडिओ अजून बसवलेला असेल अशा वाचकांसाठी: बॅटरी काढली की तो ‘सेफ’ दाखवून बसेल. चार आकडी कोड आधी शोधून ठेवा. दोनदा चुकला की तासभर कुलूप, आणि तो तास रेडिओ चालू ठेवून काढावा लागतो.)

आता सीट. शेजारची सीट चालते हे चांगलंच आहे, कारण तुमच्याकडे तुलनेला एक निरोगी नमुना आहे. नवीन पार्ट न घेता अर्ध काम त्यावर होतं. डॅशमधली १ ते ५ आकड्यांची दोन चक्रं म्हणजे स्विच, ते अलगद उचकटून बाहेर येतात. दोघांचे कनेक्टर अदलाबदल करा. ड्रायव्हरची सीट आता गरम व्हायला लागली तर स्विच गेला, एवढंच. चक्रातला दिवा लागतो म्हणजे स्विच बरा, असं समजू नका. दिव्याचा आणि करंटचा मार्ग वेगळा असतो.

अदलाबदल करून फरक पडला नाही तर सीटखाली. मिशिगनमधल्या गाड्यांत मी पहिल्यांदा एलिमेंट (सीटमधली तापणारी तार) तपासत नाही, कनेक्टर तपासतो. बुटांना लागून आलेला बर्फ आत वितळतो, त्यात रस्त्यावरचं मीठ असतं, आणि ते पाणी गालिच्यात महिनोन्‌महिने राहतं. त्यातून या पिढीच्या गाड्या आत पाणी घेण्यासाठी प्रसिद्ध. सनरूफच्या नळ्या तुंबतात, दारातल्या पत्र्याचं सील सुटतं. सीटखालच्या कनेक्टरमध्ये हिरवट पावडर दिसली तर गालिचा दाबून बघा. हाताला ओल लागली तर आधी गळती बंद करा, नाहीतर एलिमेंट बदलून पुढच्या हिवाळ्यात परत इथेच याल.

मग मोजमाप. बॅटरी काढलेली, थांबून झालेलं, सीट हीटरचा कनेक्टर मोकळा. मीटर ओहमवर ठेवून आधी दोन्ही काड्या एकमेकींना लावा. ०.२ किंवा ०.३ दाखवेल, तो काड्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स, तो प्रत्येक मापातून वजा करायचा. आता कनेक्टरमधल्या दोन जाड वायरींवर मोजा. सीटचा हीटर पूर्ण जोरात असताना ८० वॅटच्या आसपास धरला तर १३ व्होल्टला साधारण ६ अँपिअर, म्हणजे दोन ओहमच्या आगेमागे काहीतरी यायला हवं. शेजारच्या सीटवर तसंच मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. खरं उत्तर त्या तुलनेत आहे, पुस्तकातल्या आकड्यात नाही. तुमच्या सीटवर ‘ओएल’ (मापाबाहेर) आलं तर कुठेतरी वायर तुटलेली आहे.

कुठे, ते असं शोधायचं. अशा सीट्समध्ये बैठकीचा आणि पाठीचा एलिमेंट पुष्कळदा एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेला असतो. त्यामुळे बैठकीतला तुटला तरी पाठही गार पडते आणि माणसाला वाटतं सगळंच गेलं. सीटखाली पाठीकडून येणारा वेगळा कनेक्टर सापडेल. तो सोडवून बैठक आणि पाठ वेगवेगळी मोजा. दहातल्या नऊ वेळा बैठक निघेल, आणि तीही दाराकडच्या कडेला. आत बसताना सगळं वजन आधी त्या कडेवर पडतं, आणि मागच्या सीटवरची पिशवी काढायला माणूस तिथेच गुडघा टेकतो. मीटर लावलेला ठेवून त्या कडेवर मूठ दाबा. आकडा येतो-जातो असं दिसलं तर जागा सापडली.

बैठक आणि पाठ दोन्ही शाबूत निघाल्या तर उरतो उष्णता मोजणारा सेन्सर. तो बैठकीत असतो, दोन बारीक वायरी. थंडीत रेझिस्टन्स जास्त, उबेत कमी. हजारांत ओहम दाखवायला हवेत आणि सीटवर हेअर ड्रायर धरला की आकडा हळूहळू उतरायला हवा. मुळीच हलत नसेल किंवा ‘ओएल’ असेल तर हीटरच्या कंट्रोलरला वाटतं काहीतरी गडबड आहे, आणि शहाणा कंट्रोलर अशा वेळी हीटर चालूच करत नाही. इथे काही जण सेन्सरच्या जागी ठरावीक रेझिस्टर लावून कंट्रोलरला फसवतात. सीट गरम होते, आणि मग थांबत नाही. तुम्हाला चटका बसला तर तुम्ही उठाल. पण हिवाळ्यात भारतातून आई-वडील येतात, त्यांच्यापैकी कोणाला जुना डायबेटिस असतो, पायांची आणि बैठकीची संवेदना कमी झालेली असते. त्यांना चटका कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. सेन्सरशी खेळ नको.

एलिमेंट, सेन्सर, स्विच सगळं बरोबर आणि तरी सीट कोमटच? मग करंट वाटेत कुठेतरी अडतोय, आणि इथे ओहम मोजून कळत नाही. व्होल्टेज मोजावं लागतं, तेही काम चालू असताना. सगळे कनेक्टर, पिवळा धरून, जागेवर लावा, बॅटरी जोडा, इंजिन चालू, चक्र ५ वर. कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून हीटरच्या प्लस वायरवर मीटर धरा, दुसरी काडी गाडीच्या पत्र्यावर. बॅटरीवर १३.९ असेल आणि इथे ११.२ मिळत असतील तर २.७ व्होल्ट वाटेत गरम होतायत, तुमच्या पाठीऐवजी एखाद्या कनेक्टरमध्ये. आता तपकिरी वायर आणि पत्रा यांमध्ये मोजा. शून्याच्या जवळ हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर ग्राउंडचा बोल्ट काढून, घासून, परत आवळा. टेस्ट लॅम्प इथे फसवतो. एवढ्या तुटीतही तो लख्ख पेटतो.

बैठकीचा एलिमेंट तुटलेला निघाला तर काय करायचं यावर मतं वेगळी आहेत, माझं स्पष्ट आहे. तुटलेल्या जागी सोल्डर करून जोडू नका. जोड कडक होतो, त्याच्या शेजारची वायर वाकते, आणि एकतर तिथेच परत तुटते किंवा तो ठिपका बाकीच्यांपेक्षा जास्त तापतो. सीट कव्हरला तपकिरी भोक पडलेल्या गाड्या मी पाहिल्यात, बहुतेकांत खाली जोड निघतो. सगळ्यात स्वस्त आणि बरा मार्ग म्हणजे जंकयार्डमधून त्याच पिढीच्या हीटेड सीटची फक्त बैठक, फोम आणि एलिमेंटसकट, आणायची आणि आपलं कव्हर तिच्यावर चढवायचं. जाताना मीटर बरोबर न्या आणि तिथेच मोजून घ्या. पूर्ण सीट उचलून आणायचा मोह होईल, कारण ती सहज सुटते असं वाटतं. पण मग दुसऱ्या कोणत्या तरी अपघातग्रस्त गाडीची एअरबॅग तुमच्या बरगड्यांशेजारी येऊन बसते. पाठ आपलीच ठेवा.

कव्हर खालच्या बाजूने तारेच्या कड्यांनी आवळलेलं असतं. जुन्या कड्या कटरने तोडून नव्या लावायला वाकड्या तोंडाचा खास पक्कड मिळतो, तो घ्या. साध्या पकडीने बोटं सोलतात आणि कव्हरला सुरकुत्या पडतात. गॅरेजवाल्याचं ‘पूर्ण सीट बदला’ हे खोटं नाही, त्याच्या तासाच्या दराने त्याला तेच परवडतं. तुम्हाला शनिवार-रविवार परवडतो.

बाजारात कार्बनच्या गाद्यांचे सर्वसाधारण किटही मिळतात. वाईट नसतात, पण ते दुसऱ्या क्रमांकाला ठेवा. लावलेच तर स्वतंत्र फ्यूज, स्वतंत्र रिले, आणि चावी बंद झाली की बंद व्हायलाच हवेत.

परत रेडिओकडे, एफएमसाठी. जेट्टाचा अँटेना छताच्या मागच्या टोकाला आहे आणि त्याच्या बुडाशीच एक छोटा ॲम्प्लिफायर बसवलेला आहे. त्याला १२ व्होल्ट वेगळ्या वायरने येत नाहीत, अँटेनाच्याच केबलमधून रेडिओ वर पाठवतो. बाजारातला रेडिओ काही पाठवत नाही, म्हणून तो ॲम्प्लिफायर झोपलेला असतो आणि शहरातली दोन दणकट स्टेशनं सोडली तर सगळीकडे खरखर. फोक्सवॅगनसाठी पॉवर देणारा अँटेना ॲडॉप्टर मिळतो, त्याला एक निळी वायर असते. ती रेडिओच्या निळ्या अँटेना वायरला जोडायची. निळ्या-पांढऱ्या वायरला नाही जोडलं तर जास्त बरं. ती डिकीतला मॉन्सूनचा ॲम्प्लिफायर जागा करण्यासाठी असते. बऱ्याच रेडिओंत निळी फक्त एफएम लावल्यावर जिवंत होते आणि निळी-पांढरी रेडिओ चालू असेपर्यंत. उलट चूक केलीत, म्हणजे मॉन्सूनला निळ्यावर ठेवलंत, तर एफएमवर आवाज येतो आणि ब्लूटूथवर गाडी मुकी होते. मग लोक ब्लूटूथला शिव्या घालतात.

कुईं आवाजासाठी दुकानात जाऊन फिल्टर आणू नका. आधी ऐका. इंजिनाचे फेरे वाढवले की आवाज चढतो, म्हणजे ऑल्टरनेटरचा आहे, हे नक्की. आता व्हॉल्यूम पूर्ण कमी करा. आवाजही गेला तर तो रेडिओच्या आधी शिरतोय, बहुधा लायटर सॉकेटमधला स्वस्त चार्जर आणि ऑक्स केबल एकाच वेळी लावलेली असते. चार्जर काढा, खात्री होईल. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही आवाज तसाच राहिला तर तो रेडिओच्या पुढे, डिकीतल्या मॉन्सूनपर्यंतच्या वाटेवर शिरतोय. कारण बहुतेक वेळा हेच की रेडिओ एका जागी ग्राउंड झालाय, ॲम्प्लिफायर दुसऱ्या जागी, आणि दोघांमधल्या अर्ध्या-पाव व्होल्टच्या फरकाला तुमच्या ऑडिओ केबलमधून वाट मिळते. रेडिओचं ग्राउंड डॅशमधल्या कुठल्याशा स्क्रूला दिलं असेल तर ते काढून कनेक्टरमधल्या ८ नंबरच्या मूळ तपकिरी वायरला द्या.

मॉन्सूनची स्वतःची एक खोड आहे. त्याला कमी पातळीचा सिग्नल अपेक्षित आहे. नव्या रेडिओचे स्पीकरसाठीचे आउटपुट थेट त्यात घातले की आवाज येतो, पण मागे सतत सूं असतं आणि थोडा वाढवताच फाटतो. मॉन्सूनच्या जोडणीसाठीचा ॲडॉप्टर घ्या, सिग्नलला ग्राउंडपासून वेगळं ठेवणारा. सूं आणि कुईं दोन्ही त्याने जातात.

आणि खोक्यावर लिहिलेलं ‘५० वॅट गुणिले ४’ वाचून स्पीकर बदलायला निघू नका. रेडिओच्या मागचा फ्यूज पाहा, बहुधा १० किंवा १५ अँपिअर. १० अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे आत जाणारेच १४४ वॅट, त्यातून बाहेर २०० कसे येणार? १४.४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला न फाटता जास्तीत जास्त २६ वॅट मिळू शकतात, हे गणितच आहे. प्रत्यक्षात १८-२०. तेवढे कानाला पुष्कळ असतात.

शेवटचा प्रश्न, ॲम्प्लिफायर आणि सबवूफर. जानेवारीतल्या सकाळची बेरीज करा. ब्लोअर पूर्ण वेगात २० अँपिअर, मागची काच तापवायला १५ ते २०, दिवे १० ते १२, इंजिनचं स्वतःचं इंधन आणि इग्निशन १० ते १५, आणि दोन्ही सीट्स १२. सत्तरच्या आसपास गेलोच. या जेट्टांमध्ये बऱ्याचदा ९० अँपिअरचा ऑल्टरनेटर असतो, आणि तो आकडाही फेरे वाढलेले असतानाचा, सिग्नलला उभं असतानाचा नव्हे. ५०० वॅटचा सबवूफर ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात ४५ अँपिअरच्या घरात ओढतो. गाण्यात सरासरी तिसऱ्या हिश्श्याहून कमी असते हे खरं, पण ते जे काही असेल ते बॅटरीतून येणार, आणि उणे १८ अंशात बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास उतरलेली असते. तेव्हा १५० ते २०० वॅटचा, सीटखाली मावणारा छोटा सबवूफर घ्या. पण ड्रायव्हरच्या सीटखाली नको, शेजारच्याही पिवळ्या कनेक्टरला लागणार नाही असा. खरं तर मी डिकीच म्हणेन.

त्याआधी बॉनेट उघडून बॅटरीच्या डोक्यावर बसलेली फ्यूजची पेटी पाहा. या पिढीचं हे कुप्रसिद्ध दुखणं आहे. ऑल्टरनेटरची पट्टीची मोठी फ्यूज जिथे नटने आवळलेली असते तिथला जोड ढिला पडतो, तापतो, आणि प्लास्टिक आधी तपकिरी होतं, मग वितळतं. तपकिरी डाग दिसला तर आधी ती पेटी बदला. नाहीतर सबवूफरचा जास्तीचा भार तिच्यावरच पडणार. ॲम्प्लिफायरची वायर बॅटरीवरून नेताना फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, आणि वायर शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर तुमच्या मिठाच्या मुलखात दोन हिवाळ्यांत पावडर होते. वायर नेण्यासाठी पत्र्याला भोक पाडलं तिथे रबरी कडं घाला.

सगळं झाल्यावर एक माप राहतं. मायनस केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर, गाडी लॉक, अर्धा तास वाट. त्या अवस्थेत दार उघडू नका, सेल्फ तर मारूच नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरच्या खाली स्थिरावलं तर गाडी झोपली. ४०० दाखवत असेल तर दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास जातायत, म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार दिवसांत अर्धी रिकामी, आणि थंडीत तेवढ्यात गाडी उचलणार नाही. अशा वेळी सर्वांत आधी नव्या रेडिओचा फ्यूज उपटून बघा, मग सबवूफरचा. आकडा पडला की गुन्हेगार सापडला. बहुतेक वेळा निळी-पांढरी वायर कायमच्या १२ व्होल्टवर जोडलेली निघते.